स्पर्शसंख्या

त्रिशलाचा पंप कुपवाडच्या प्रयोगशाळेत एका काचेच्या भांड्यात अकरा महिने सलग फिरत होता.

भांड्यात ग्लिसरीन आणि पाणी होतं, रक्ताइतकं दाट होईल अशा प्रमाणात. पंप सुपारीपेक्षा थोडा मोठा. त्याला दोन नळ्या होत्या आणि एक वायर भिंतीतल्या सॉकेटपर्यंत गेली होती. वीज गेलीच तर शेजारी दोन बॅटऱ्या होत्या. आवाज अजिबात नव्हता. भांड्याला तळहात लावला तरच आत काही चाललं आहे हे कळत असे. अभिनंदन मगदूम रोज सकाळी आल्यावर तळहात लावून बघत असे. मग चहा घेत असे. मग कामाला लागत असे.

पंपातलं बेअरिंग त्याने तयार केलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी तो पंप मिरजेला त्याच्या बायकोच्या छातीत बसवला गेला. दोन वर्षं चालला. मग एका सकाळी रक्ताची गुठळी तिच्या मेंदूत गेली आणि दोन दिवसांत ती गेली. दहनाच्या आधी डॉक्टरांनी पंप काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो घरी नेला नाही. इथे आणला, धुतला, भांड्यात ठेवला आणि सुरू केला. तो उघडून तपासायला हवा होता, तसा नियमच होता. पण उघडायचा तर थांबवायला लागणार होता.

गुरुवारी सकाळी दहा वाजता डॉ. रेहाना मुजावर आल्या. त्रिशलाची शस्त्रक्रिया त्यांनीच केली होती. बसायच्या आधी त्यांनी भांड्याकडे पाहिलं.

"मगदूमसाहेब, आज थांबवायचा."

"पंप उघडून तपासायचं पत्र मिळालं मला."

"पत्रानंतर अजून एक झालंय. जतचे एक मास्तर आहेत, पंप बसवून चौदा महिने झाले. मंगळवारी त्यांना गुठळीचा झटका आला. वाचले. पण एक हात गेला."

खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात तवनाप्पा खोत सूक्ष्मदर्शकाची काच पुसत होता. बेअरिंगवर खाचा कोरायचं काम त्याचं. गेली बावीस वर्षं तो आणि अभिनंदन एकाच खोलीत काम करत होते.

"गोळ्या चुकल्या असतील मास्तरांच्या," अभिनंदन म्हणाला. "रक्त पातळ करायच्या."

"चार दिवस चुकल्या होत्या, हे बायकोनं सांगितलं. पण कारण तेच, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आणखी बेचाळीस लोकांच्या छातीत हेच बेअरिंग आहे. मास्तर धरून त्रेचाळीस. बेअरिंगमध्ये दोष असेल तर सगळ्यांची छाती पुन्हा उघडायची. त्यातले तिघं तरी टेबलावरच जातील, नावं मला आत्ताच सांगता येतील. दोष नसेल तर कोणाला हात लावायचा नाही. सोमवारपर्यंत मला ठरवायचंय. आणि रुग्णाच्या अंगात दोन वर्षं चाललेला, बाहेर काढलेला पंप जगात एकच आहे."

"तो थांबवला की त्याला अजून एक ओरखडा बसणार."

"बसू द्या की," तवनाप्पा कोपऱ्यातून म्हणाला. "डॉक्टरबाई, ह्यांचं असंच हाय. अकरा म्हैनं मी सांगतोय. मला म्हणत्यात, तवनाप्पा, बघू पुढच्या आठवड्याला. आमची म्हस व्याली दोनदा, ह्यांचा आठवडा काय आला न्हाई."

"म्हैस अकरा महिन्यांत दोनदा वीत नाही," अभिनंदन म्हणाला.

"बोललासा का न्हाई? बरं झालं."

डॉ. मुजावर हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली. "मला एकदा नीट समजावून सांगा. हृदय मला कळतं, बेअरिंग नाही. काय शोधायचंय आपल्याला?"

अभिनंदनने कपाटातून एक सुटा भाग काढला. बोटाच्या पेराएवढा दंडगोल आणि त्यावर बसणारी नळी. दंडगोलावर बारीक तिरप्या खाचा होत्या, मधल्या रेषेपाशी दोन्हीकडून येऊन मिळणाऱ्या, गव्हाच्या ओंबीसारख्या. त्यांना ते ओंबी-खाचा म्हणत.

"हा आतला भाग मिनिटाला बारा हजार वेळा फिरतो," तो म्हणाला. "बाहेरची नळी स्थिर. दोघांमध्ये फट नऊ मायक्रॉन. केसाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी. फिरताना खाचा दोन्ही टोकांकडून द्रव आत ओढतात. मधे दाब तयार होतो आणि आतला भाग त्या दाबावर उचलला जातो. ओल्या ओट्यावर गरम वाटी ठेवली की आपोआप सरकते, बघितलंय?"

"खूपदा."

"तिच्याखाली पातळ थर असतो, वाटी ओट्याला टेकलेलीच नसते. तसं. इथे वंगण म्हणजे रक्तद्रव, रक्तातला पिवळा पातळ भाग. लाल पेशी मोठ्या असतात, त्या फटीत फारशा शिरत नाहीत. म्हणजे पंप स्वतःचं वंगण स्वतःच गाळून घेतो. जोपर्यंत फिरतोय तोपर्यंत धातूला धातू लागत नाही. झीज शून्य. शंभर वर्षं फिरला तरी शून्य."

"मग झिजतो कधी?"

"थांबताना आणि सुरू होताना. वेग कमी झाला की खाचांचा जोर संपतो, थर तुटतो, आतला भाग नळीवर टेकतो. शेवटचे काही फेरे घासत जातात. सुरू होतानाही तसंच. म्हणून याचं आयुष्य आम्ही तासांत मोजत नाही. किती वेळा थांबून सुरू झाला ते मोजतो. त्याला आम्ही स्पर्शसंख्या म्हणतो. या बेअरिंगची तीनशे."

"तीनशेनंतर?"

"आम्ही हमी देत नाही. वरचा कठीण लेप फाटायला लागतो. फाटलेल्या जागी रक्त अडकतं, गुठळी धरते. इथल्या चाचणीत एक चारशेला गेलं, एक साडेपाचशेपर्यंत टिकलं."

"आणि त्रिशलाताईंचा किती वेळा थांबला होता?"

"नोंदीत एकदाही नाही. कशाला थांबेल? दोन बॅटऱ्या असतात, एक बदलताना दुसरी चालू."

"मग आत व्रण असला तर?"

अभिनंदनने दंडगोल नळीत घातला आणि बोटाने फिरवला. उत्तर तवनाप्पाने दिलं.

"दोन परकारचा असतोय व्रण. खाचा चुकल्या असल्या, तर फिरताफिरताच थर तुटतोय. मग आतला भाग भोवऱ्यागत डुलतोय आन् नळीला सगळीकडनं घासतोय. बांगडीसारखा गोल व्रण. तसला दिसला तर दोष आमचा. माझा आन् साहेबांचा. दुसरा, थांबताना बसणारा. त्यो खालच्या बाजूला पडतोय, म्हणून व्रण एकाच जागी. चंद्रकोरीगत."

अभिनंदनला अकरा महिने ज्याची भीती होती ती ही बांगडी होती. ती दिसली तर त्रिशला त्याच्या हातानेच गेली असा अर्थ होता. पंप फिरत होता तोवर ती बांगडी आहे किंवा नाही, दोन्ही शक्य होतं.

"एक मला सांगायचंय," तो म्हणाला. "तिचं हृदय सुधारत होतं. हे तुमच्या अहवालात कुठेच नाही."

डॉ. मुजावरांनी चष्मा काढला. हा वाद जुना होता. "साहेब, दर तीन महिन्यांनी मी स्वतः सोनोग्राफी करत होते. सुधारणा नव्हती."

"नाडी लागत होती."

"मला कधी लागली नाही."

"तुम्ही घाईत बघत होता. मी रोज बघत होतो."

या पंपात हृदयासारखे ठोके नसतात. नळ सोडल्यासारखं रक्त अखंड वाहतं. त्यामुळे तो बसवलेल्या माणसाच्या मनगटाला नाडी लागत नाही. माणूस चालतो, बोलतो, भाकरी थापतो, पण हात हातात घेतला तर मनगट कोरं. शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टर नातेवाइकांना बसवून हे सांगतात. अभिनंदनला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी त्रिशला घरी आली त्या दिवशी सकाळी त्याने सवयीने तिचं मनगट धरलं. आजारपणाच्या सहा वर्षांत तो रोज सकाळी तिची नाडी बघत आला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत दहा सेकंद मोजायचे आणि सहाने गुणून आकडा दिनदर्शिकेच्या चौकोनात लिहायचा. त्या दिवशी काहीच लागलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चार महिने तो रोज बोटं ठेवायचा आणि उठून जायचा. चहा तसाच राहायचा. "अहो, मी इथे बसलेय, माझ्याकडे बघा की," ती म्हणायची. त्याला बघवत नसे. आपण मेलेल्या माणसाचा हात धरलाय असं वाटतं, हे तो एकदा बोलून गेला होता.

मग नोव्हेंबरमधल्या एका सकाळी नाडी लागली. बारीक, पण लागली. चौपन्न. पंपाला न जुमानता मूळ हृदय पुन्हा जोर धरू लागलं तर असं होऊ शकतं, हे त्याने वाचलं होतं. त्या दिवशी त्याने दोनदा चहा घेतला. त्यानंतर ती रोज लागत गेली.

"ठीक आहे," अभिनंदन म्हणाला. "थांबवा."

"तुम्हीच थांबवा," डॉ. मुजावर म्हणाल्या.

त्याने आधी बॅटऱ्या काढल्या. मग वायर काढली. भांड्यात काहीच बदललेलं दिसलं नाही. त्याने तळहात काचेला लावला आणि लगेच काढून घेतला.

पंप उघडायला तवनाप्पाला वीस मिनिटं लागली. नळी त्याने हातमोजे घालून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि डोळा लावला. अभिनंदन खिडकीपाशी उभा राहिला. बाहेर रस्त्यावर ओतकामाचे साचे भरलेला ट्रक मागे घेत होते.

"बांगडी न्हाई," तवनाप्पा म्हणाला.

अभिनंदन वळला नाही.

"ऐकलंसा का? बांगडी न्हाई. खाचा निर्मळ. चंद्रकोर हाय."

डॉ. मुजावरांनी मोठ्याने श्वास सोडला. त्या उठून सूक्ष्मदर्शकापाशी गेल्या. पडद्यावर नळीचा आतला पृष्ठभाग दिसत होता. राखाडी, आणि त्यावर एकाच बाजूला काळसर पट्टा. पट्ट्याच्या मधोमध लेप फाटलेला होता, आणि त्या फाटलेल्या जागी काहीतरी तपकिरी धरून राहिलं होतं.

"म्हणजे दोष नाही."

"बेअरिंगचा न्हाई. पर बाई, ही चंद्रकोर लई खोल हाय." तवनाप्पाने मोजणीची सुई फिरवली. "एका स्पर्शाला किती झीज, ते आमाला पाठ हाय. त्या हिशेबानं..." त्याने पुन्हा मोजलं. "सहाशे. पाचपन्नास इकडंतिकडं."

"सहाशे काय?"

"सहाशे येळा थांबलाय ह्यो पंप."

"शक्य नाही," अभिनंदन आता टेबलापाशी आला होता. "नोंदीत काही नाही. थांबला की नोंद होते, भोंगा वाजतो."

"पंधरा सेकंदांनंतर," डॉ. मुजावर हळू म्हणाल्या.

ते दोघांनाही आठवत होतं. पहिल्या वर्षी रुग्ण बॅटरी बदलताना चुकून दोन्ही काढायचे, भोंगा वाजायचा, रुग्णालयात इशारा जायचा, मध्येच कोणीतरी रुग्णवाहिका घेऊन धावायचं. दहापैकी नऊ इशारे असले. म्हणून बैठक झाली आणि ठरलं की पंधरा सेकंदांच्या आत बॅटरी परत बसली तर भोंगा नाही आणि नोंदही नाही. पंधरा सेकंदांत रुग्णाला थोडी भोवळ येते, बाकी काही होत नाही. ठरावावर तिघांच्या सह्या होत्या, त्यांत या दोघांच्याही. घरी जाऊन अभिनंदनने हे त्रिशलाला सांगितलं होतं. तिच्या शेजारणी आता भोंग्याला घाबरणार नाहीत, म्हणून.

"सहाशे वेळा चुकून?" डॉ. मुजावर म्हणाल्या. "नाही. कोणीतरी मुद्दाम करत होतं. एखादा सैल जोड? झोपेत वळल्यावर?"

"झोपंत न्हाई." तवनाप्पाने पडद्यावरचं चित्र फिरवलं आणि बाजूला पंपाच्या बसवणीचा आराखडा उघडला. "पंप छातीत आडवा असतोय. माणूस उताणं असलं तर आतला भाग पाठीकडं पडणार, आन् व्रण तिकडं. तिथं दोन-तीन पुसट रेघा हाईत बघा. त्या तुमच्या टेबलावरच्या. भांड्यातली एक ही, उलटीकडं. पर ही चंद्रकोर पायाच्या बाजूला हाय. म्हंजे थांबला तवा त्रिशलाआक्का बसलेल्या होत्या."

"प्रत्येक वेळी?"

"परत्येक येळी. एका जागंवर एक, रेघ रेघंवर. आन् सरळ बसलेल्या न्हाईत. ईस अंश फुडं वाकून." तवनाप्पाने स्वतः खुर्चीत बसून दाखवलं. पाठ थोडी पुढे, उजवा हात टेबलावर लांब केलेला. "अशा. समोरच्याला कायतरी देताना बसल्यागत."

डॉ. मुजावर त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांना काही कळलं नाही. तवनाप्पालाही नाही. तो आपला हात मागे घेणार होता.

"तसाच ठेव," अभिनंदन म्हणाला.

तो समोरच्या खुर्चीत बसला. त्याने तवनाप्पाच्या मनगटावर तीन बोटं ठेवली. मग भिंतीवर घड्याळ होतं तिकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं की समोरच्या माणसाचा डावा हात दिसत नव्हता. टेबलाखाली, कमरेपाशी, जिथे बॅटऱ्यांचा पट्टा असतो तिथे काय चाललंय ते दिसत नव्हतं. पंप चालू आहे की थांबलाय ते ऐकू येण्यासारखं नव्हतं. पंपाला आवाज नाही, याचा त्याला अभिमान होता.

त्याने दहा सेकंद मोजले.

त्या दहा सेकंदांत त्रिशला डोळे मिटून घ्यायची. डाव्या बाजूला जरा कलायची आणि मग सावरायची. ती णमोकार मंत्र म्हणते असं त्याला वाटायचं. झालं की डोळे उघडून विचारायची, "किती?" तो सांगायचा, चौपन्न. ती म्हणायची, "बघा. आता चहा घ्या."

"साहेब," तवनाप्पा म्हणाला. "काय झालं?"

"डॉक्टर," अभिनंदन म्हणाला, "तुम्हाला नाडी लागली नाही, कारण नव्हतीच. पंप चालू असताना तिला नाडी नव्हती, थांबवला की तिच्याच हृदयाची लागायची. तुम्ही बरोबर होता."

डॉ. मुजावरांना कळायला दोन-तीन क्षण लागले. मग त्या खाली बसल्या.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज सकाळी साडेसहाला. मी घरी असेन तेव्हा."

"ताईंना माहीत होतं? स्पर्शसंख्या वगैरे?"

"मी सांगितलं होतं." त्याने तवनाप्पाचा हात सोडला. "तिने विचारलं होतं एकदा, किती वेळा थांबलेलं चालतं. तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, तीनशे. मग पुढे काय, म्हणाली. मी म्हणालो, पुढे आम्हालाही माहीत नाही. मला वाटलं, माझ्या कामात रस घेतेय."

तवनाप्पा उठला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. टेबलावर ठेवला.

बऱ्याच वेळाने डॉ. मुजावर म्हणाल्या, "त्रेचाळीस लोकांना हात लावायची गरज नाही. हे मी आजच कळवते. मास्तरांचं गोळ्या चुकल्यामुळेच झालं असणार. पण अहवालात ताईंबद्दल काय लिहू?"

"रुग्णाने पंप स्वतः थांबवला, असं लिहा. सुमारे सहाशे वेळा."

"कारण विचारतील."

"नातेवाईक नाडी बघत होते, असं लिहा."

"एवढंच?"

"एवढं पुरे." तो थोडा थांबला. "आणि ते पंधरा सेकंद बंद करा. भोंगा वाजू दे. शेजारी उठले तर उठू देत. अजून एक. पंपाला नाडी द्यायची."

"म्हणजे?"

"थांबवायचा नाही. वेग कमी-जास्त करायचा, सेकंदाला एकदा. बारा हजारांवरून आठ हजार, पुन्हा बारा. आठ हजारांनाही या खाचा थर धरून ठेवतात, स्पर्श होत नाही. मनगटाला नाडी लागेल. आत्ता जे पंप बसवलेत त्यांनाही देता येईल, फक्त आज्ञावली बदलायची. छाती उघडायला नको."

"मग हे आधी का नाही केलं आपण?"

"रक्ताला गरज नव्हती," अभिनंदन म्हणाला. "कोणाला असेल ते आपण विचारलं नाही."

त्या गेल्यावर तवनाप्पाने सुटे भाग एका डबीत ठेवले. डबीवर क्रमांक लिहिला. भांड्यातलं पाणी तसंच होतं.

"जोडू का परत?" त्याने विचारलं. "चंद्रकोर हाय, पर फिरंल अजून."

"नको."

"बरं." त्याने पिशवी खांद्याला लावली. "आमच्याकडं चला जेवायला. आक्कांची भाकरी न्हाई मिळायची, पर आमच्या मंडळींचं पिठलं बरं असतंय. मीठ कमी पडतंय एवढंच. तीस वर्षं झाली, मी बोललो न्हाई."

"आज नको, तवनाप्पा. बघू पुढच्या आठवड्यात."

"हां. तुमचा आठवडा," तवनाप्पा म्हणाला, पण हसला नाही.

अभिनंदन पाच वाजता घरी आला. दिवस मावळायच्या आत जेवायचं ही घरातली रीत त्रिशला गेल्यावरही त्याने सोडली नव्हती. त्याने सकाळचा भात गरम केला, ताकाबरोबर खाल्ला, ताट धुतलं. मग स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरून दिनदर्शिका काढल्या. जुन्या वर्षांच्या त्याने काढून टाकल्या नव्हत्या. नवी आली की त्यावरच टांगत असे. चालू वर्षाची कोरी होती. तिच्याखालच्या तीन त्याने टेबलावर पसरल्या.

नोव्हेंबरच्या चौदा तारखेच्या चौकोनात चौपन्न लिहिलं होतं. तिथून तो मोजायला लागला. पेन्सिलीने प्रत्येक आकड्यावर एक ठिपका. मध्ये काही चौकोन रिकामे होते. ती मिरजेला तपासणीला गेली होती ते दिवस, आणि तो बेळगावला अडकला होता तो एक. त्या दिवशी तिने फोनवर सांगितलं होतं, "आज सुट्टी मिळाली मला." तेव्हा त्याला वाटलं होतं, ती लवकर उठण्याबद्दल बोलतेय.

शेवटपर्यंत मोजून झालं तेव्हा आकडा आला सहाशे आठ.

तो उठला नाही. त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजलं, पण या वेळी तीनशेला थांबला. तीनशेवा चौकोन सप्टेंबरमध्ये आला. चौदा तारीख, आकडा साठ. त्याच आठवड्यात, चार चौकोन पुढे, छापील अक्षरांत क्षमावणी होती.

ती सकाळ त्याला आठवली. जैनांचं दशलक्षण पर्व संपलं की त्या दिवशी घरातली सगळी एकमेकांची क्षमा मागतात. वर्षभरात काही चुकलं असेल तर. त्यांच्या घरी एक रीत होती, त्याच्या आईपासून आलेली. क्षमा मागणाऱ्याला कशाबद्दल हे विचारायचं नाही, उत्तम क्षमा म्हणून माफ करायचं. विचारलं तर ती क्षमा राहत नाही, चौकशी होते. मंदिरातून आल्यावर त्रिशला इथेच, याच खुर्चीत बसली होती. हात जोडून म्हणाली होती, "तुमच्याशी एक लबाडी करतेय. रोज करतेय. आणि उद्याही करणार आहे. क्षमा करा." त्याला हसू आलं होतं. मधुमेहाची गोळी घेऊन ती चोरून पेढे खाते हे त्याला माहीत होतं. "उत्तम क्षमा," तो म्हणाला होता, आणि रीतीप्रमाणे पुढे काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात चौपन्न होते. तीनशे पाच. त्याच्या पुढच्यात साठ.

त्याने पेन्सिल खाली ठेवली. समोरची खुर्ची टेबलापासून थोडी मागे होती, अकरा महिने होती तशीच. घड्याळ चालू होतं.

मग त्याला त्या सकाळचं राहिलेलं आठवलं. तिच्यानंतर त्याची पाळी होती. त्याने घाईघाईने हात जोडले होते, कामावर जायला उशीर होत होता. "माझंही काही चुकलं असेल तर क्षमा कर," तो म्हणाला होता. काय चुकलं असेल याचा त्याने क्षणभरही विचार केला नव्हता. त्रिशला त्याच्याकडे बघत राहिली होती. त्याने बूट घातले, डबा घेतला, तरी बघत होती. मग म्हणाली होती, "उत्तम क्षमा."

तिनेही कशाबद्दल ते विचारलं नव्हतं. तिला विचारायची गरज नव्हती.